सहावी खिडकी

पुणे
१२ जानेवारी २०२५

प्रिय सगीरा,
सलाम.

महिन्याभरात तुला चारदा फोन लावला. चारही वेळा तुझ्या सुनेनं, लुबनानं उचलला. "अम्मी कामात आहेत, सांगते त्यांना." पासष्टाव्या वर्षी असलं कसलं काम गं, की मैत्रिणीशी दोन शब्द बोलायला फुरसत नाही? शेवटी म्हटलं, पत्र लिहावं. मी मिरजेला नर्सिंगला होते तेव्हा तू खुलताबादहून लिहायचीस, तसं. शाळेत एका बाकावर सात वर्षं बसलो आपण, आणि अक्षर मात्र तुझंच चांगलं आलं.

काम आहे, म्हणूनही लिहितेय. माझ्या भीमनगरच्या घराच्या खिडक्या गेल्या आहेत. दिवाळीत प्रणयबरोबर दोन दिवस तिथं राहिले, तू तेव्हा नेमकी खुलताबादला होतीस, तर वाऱ्यानं काचा वाजत होत्या. फटींतून धूळ येऊन पलंगावर सायीसारखी बसायची. मला दम लागला. प्रणय म्हणाला, "आई, ह्या घरात माणसानं राहायचं कसं?" राजकुमार गेल्यापासून तीन वर्षं मी इथं पुण्यात प्रणयकडं, अकराव्या मजल्यावर. घराला हात लावायला कुणी नाही.

त्या खिडक्या तुझ्या निजामुद्दीनभाईंनी बसवल्या होत्या, म्हणून दुसऱ्या कुणाचा हात नको वाटतो. ते गेल्यावर दुकान तूच चालवलंस. तुझ्याइतकं काचेचं काम त्या गावात कुणाला येतं? सहा खिडक्या आहेत. जयंतीच्या आत, म्हणजे चौदा एप्रिलच्या आत होतील का? किल्ली शेजारी पुंडलिकभाऊंकडं आहे.

तब्येत कशी आहे ते खरं लिही.

तुझी,
रत्नमाला


बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर
२४ जानेवारी २०२५

रत्ने,
जयभीम.

तुझं पत्र पोस्टमनच्या हातात बघून आधी घाबरलेच. आता पत्र कुणाचं येतंय? बँकेचं नायतर कोर्टाचं. वर तुझं वेडंवाकडं अक्षर दिसलं आन् जीवात जीव आला.

फोनचं मनावर घेऊ नको. मोबाईल लुबनाकडंच असतो. मला त्याची कटकट आवडत नाय. पत्र बरं. सावकाश वाचता येतं, परत वाचता येतं. तू पण पत्रच लिहीत जा.

परवा घर बघून आले. लाकूड चांगलं आहे. सागवान आहे, तुझ्या राजकुमारभाऊंनी निवडून आणलेलं. काचा पण शाबूत आहेत, फक्त दोन तडकल्यात. मेली आहे ती लांबी. तुम्ही लोक पुट्टी म्हणता ती. सदतीस वर्षं ऊन खाऊन तिचा दगड झालाय. जागोजाग निसटलीय, आन् काच नुसती चार खिळ्यांवर उभी आहे. वाजंल नायतर काय करंल?

आता कुणी पण सांगंल, काढून टाका, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावा. ऐकू नको. ह्या खिडक्या अजून पन्नास वर्षं जातील. फक्त घाई करायची नाय.

जुनी लांबी छन्नीनं ठोकून काढली तर काच जाते. म्हणून तापवलेली लोखंडी पट्टी टेकवायची. दगड मऊ पडतो, मग सालीसारखा निघतो. खाच साफ झाली की उघड्या लाकडाला आधी जवसाचं तेल पाजायचं. लाकूड तहानलेलं असतंय. तसंच ठेवलं तर ते लांबीतलं तेल पिऊन टाकतं, आन् वर्षात लांबी परत तडकते. हे शंभरातले नव्वद कारागीर विसरतात. मग खडूची पावडर आन् तेल मळायचं, कणकीसारखं, बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत. खाली एक थर, त्यावर काच दाबायची, बारके खिळे, वरून उताराचा थर. उतार आसा पाहिजे की पाणी थांबलंच नाय पाहिजे. विकतचा डबा मी वापरत नाय.

खिडक्या बसवल्या तो दिवस मला आठवतो. हे दोघं मर्द गप्पा मारत बसले, आन् लांबी मी मळली. तू आठ महिन्यांची पोटुशी होतीस आन् जवसाच्या तेलाच्या वासानं तुला ओकारी येत होती.

एक सांगते, राग मानू नको. मागं दोनदा येते म्हणलीस. पहिल्या वेळेला मी नान-खलिया करून ठेवला. दुसऱ्या वेळेला दारात खुर्ची टाकून मगरिबपर्यंत, दिवस मावळेस्तोवर बसले. या वेळेस येणार असशील तर काय बोलू नको. स्टेशनवर उतरल्यावर सांग.

सगीरा


पुणे
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सगीरा,
सलाम.

पत्र चारदा वाचलं. खुर्चीचं मला माहीत नव्हतं. दोन्ही वेळा बॅग भरलेली होती, एवढंच सांगते. पुढं काही लिहिलं तर तो बहाणा वाटेल.

खिडक्यांचं तू म्हणतेस तसंच कर. घर बंद राहिलं की खराब होतं, म्हणून दुरुस्ती. दुसरं काही नाही. फक्त तारखेचं बघ. चौदा एप्रिलच्या आत व्हायलाच हवं. काम झालं की प्रत्येक खिडकीतून धूळ येते का, पाणी येतं का, ते मला लिहून कळव. नीट, खिडकीवार.

इथं सगळं ठीक. काचा एवढ्या मोठ्या आहेत की सगळं पुणं दिसतं, पण त्या उघडत नाहीत. उघडायच्या नसतातच म्हणे.

शिडीवर जपून चढ.

रत्नमाला


बेगमपुरा
२२ फेब्रुवारी २०२५

रत्ने,
जयभीम.

चार खिडक्या झाल्या. पुढच्या खोलीतल्या दोन, मधल्या खोलीतल्या दोन. खिडकीवार सांगते. कागदाचा चिटोरा फटीला धरला, वरून पंखा लावला. चिटोरा हलला नाय. बास.

तडकलेल्या काचांच्या जागी जुन्याच काचा बसवल्या. दुकानाच्या माळ्यावर निजामुद्दीनच्या हातच्या पडल्या होत्या, थोड्या लाटा असलेल्या. त्यांच्यातून तुझ्या दारातला कडुलिंब पाण्यात बघितल्यावानी दिसतो. नव्या काचेत ही मजा नाय.

आता स्वयंपाकघराची घेते, मग मागच्या खोलीची राहील, राजकुमारभाऊंची. त्यांची पेटी, गाण्याच्या वह्या, सगळं तिथंच आहे. मी कशाला हात लावला नाय, फक्त वरून चादर टाकली.

ईदच्या आधी सगळं होऊन जाईल असं वाटत होतं.

काल पुंडलिकभाऊ आले होते. लई वेळ बोलत बसले. प्रणयचा विषय निघाला. तुला काय सांगायचंय का मला?

सगीरा


पुणे
४ मार्च २०२५

प्रिय सगीरा,
सलाम.

रमजानच्या शुभेच्छा. उपासात शिडीवर चढू नकोस, मी नर्स म्हणून सांगतेय.

चार खिडक्या झाल्या हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. पुंडलिकभाऊ कायम काहीतरी बोलत असतात, त्यांचं सोड. मला सांगायचं असं काही नाही. उरलेल्या दोन कधी होतील?

रत्नमाला


बेगमपुरा
१९ मार्च २०२५

रत्नमालाबाईंस,

स्वयंपाकघराची खिडकी झाली. धूळ नाही, पाणी नाही. एक राहिली आहे. जुनी लांबी काढली आहे, काचा उतरवून ठेवल्या आहेत. लाकूड तेल पीत आहे. किती दिवस पिईल सांगता येत नाही.

सगीरा शेख


पुणे
२९ मार्च २०२५

प्रिय सगीरा,

'बाई' कधीपासून झाले मी?

तू थकली असशील. एवढं काम तुझ्यावर टाकायला नको होतं, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेवटच्या खिडकीसाठी त्रास घेऊ नकोस. क्रांती चौकात प्रणयच्या ओळखीचा एक अॅल्युमिनियमवाला आहे, एका दिवसात बसवून देतो म्हणतो. एका खिडकीचाच प्रश्न आहे. तू म्हणालीस तर त्याला सांगते. राग नाही ना?

रत्नमाला


बेगमपुरा
६ एप्रिल २०२५

रत्ने,

लाव. अॅल्युमिनियम लाव, प्लास्टिक लाव, विटांनी बुजवून टाक. विकायचंच आहे तर कशाला सागवान आन् कशाला जवसाचं तेल?

पुंडलिकभाऊंनी सगळं सांगितलं. प्रणय गिऱ्हाईक बघतोय. दिवाळीतच बोलून गेलाय. आन् तू मला लिहितेस, घर खराब होतं म्हणून दुरुस्ती, दुसरं काही नाही! तारीख पण ठरलेली. मला वाटलं होतं, जयंती म्हणजे तू येणार. मीच म्हणले ना, काय बोलू नको म्हणून. म्हणून मी विचारलं पण नाय, मनातल्या मनात खूश होऊन लांबी मळत बसले. साठ वर्षांपासूनच्या मैत्रिणीनं मला सांगू नये की ती गाव सोडून चाललीय, आन् तिच्या गिऱ्हाइकासाठी माझ्याकडनंच घर सजवून घ्यावं?

आता खरं ऐक. मी थकले नाय. लाकूड पण काय तेल पीत बसलं नाय, ते दोन दिवसांत होतं. मी मुद्दाम ठेवलीय ती खिडकी. तिथं प्लास्टिक ठोकलंय. ती झाली की घर झालं, घर झालं की विकलं, आन् विकलं की तू ह्या गावात परत कशाला येशील? म्हणून ठेवली. येडी म्हण मला.

सगीरा


पुणे
१४ एप्रिल २०२५

सगू,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज जयंती. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, आणि लिहायला बसले. अकराव्या मजल्यावर मिरवणूक ऐकू येत नाही.

येडी तू नाहीस, मी आहे.

प्रणयला घर विकायचंय, हे खरं. मला विकायचं नाही, हेही खरं. मला परत यायचंय, सगीरा. राहायला. कायमची.

दिवाळीत मी त्याला तसं म्हणाले. तो रागावला नाही. रागावला असता तर भांडता आलं असतं. मला हाताला धरून एकेका खिडकीपाशी घेऊन गेला, फटीतून बोट घालून दाखवलं. "ह्या धुळीत तुझा दमा, आणि पावसाळ्यात सगळीकडं ओल. मी अडीचशे किलोमीटर लांब. तुला काही झालं तर?" मी म्हणाले, खिडक्या नीट झाल्या तर? तो म्हणाला, "ह्या खिडक्या नीट होणाऱ्यातल्या नाहीत, आई. झाल्या तर बोलू." तेवढ्या एका वाक्यावर मी जानेवारीत तुला पत्र लिहिलं. खिडकीवार उत्तर मागितलं ते त्याला दाखवायला. तुझी पत्रं माझ्या उशीखाली आहेत.

तुला का सांगितलं नाही? तू लिहिलंस ना, स्टेशनवर उतरल्यावर सांग. दोनदा मी तुला दारात बसवलं. तिसऱ्यांदा बसवायची हिंमत नव्हती. आज जयंतीला तुझ्या दारात येऊन उभी राहायची, असं ठरवलं होतं मनाशी. तू तारीख लांबवायला लागलीस तेव्हा वाटलं, हिला मी यायला नको आहे. आजारी म्हातारी शेजारी कुणाला हवी असते? म्हणून ते अॅल्युमिनियमचं लिहिलं.

बाई माझी, ती खिडकी बसव. आजच्या आज बसव.

तुझी,
रत्ना


बेगमपुरा
२० एप्रिल २०२५

चिरंजीव प्रणय यास,
सगीराखालाचे आशीर्वाद.

बाळा, काल तू घरात आलास तेव्हा जे दिसलं त्याचा अर्थ तू लावलास, तो बरोबर नाय. म्हणून लिहिते. तोंडानं सांगितलं असतं, पण मग तू काय बोललास ते मला कळलं नसतं. तुझ्या लक्षात आलंच आहे आता. दोन वर्षं झाली, मला ऐकायला येत नाय. आईला सांगू नको असं म्हणणार होते, पण आता लपवाछपवी पुरे.

झालं ते असं. गुरुवारी दुपारी अवकाळी आला. तासभर गारा पडत होत्या, लिंबाएवढ्या. बेगमपुऱ्यात पत्रे फुटले. मागच्या खोलीच्या खिडकीला मी काचा लावल्या नव्हत्या, नुसतं प्लास्टिक होतं. ते फाटलं आन् सगळं पाणी आत आलं. शुक्रवारी सकाळी तुझ्या आईचं पत्र मिळालं, लगेच बसव म्हणून. पत्र वाचता वाचताच मी निघाले. दार उघडलं तर आत घोट्याएवढं पाणी.

शनिवारी तू गिऱ्हाईक घेऊन आलास तेव्हा मी त्यातलं उरलेलं उपसत होते. माझी पाठ होती. तू हाका मारत असशील. मी वळले तेव्हा तुझा चेहरा लाल झालेला, आन् ते गिऱ्हाईक फाटकातून बाहेर चाललेलं. तू माझ्या वहीत लिहिलंस, 'खाला, हेच तर मी आईला सांगतोय. हे घर राहण्यासारखं नाही.' मी रडायला लागले म्हणून तू पुढं काय लिहिलं नाहीस आन् मला पाणी आणून दिलंस. तुझ्या बापावर गेलास.

आता माझं म्हणणं ऐक. ती खिडकी घराची चूक नाय, माझी चूक आहे. मी ती हट्टानं उघडी ठेवली, का ते तुझ्या आईला माहीत आहे. पण बाकीच्या पाच खिडक्या मी मन लावून बसवल्यात. तू त्यांच्याकडं बघितलंसच नाय. त्याच गारा त्यांच्यावर पण पडल्या. पाणी उपसून झाल्यावर मी एकेकीच्या खालून हात फिरवला. कोरडा. स्वयंपाकघराच्या खिडकीत जुनी काडेपेटी पडली होती, तिची काडी एका झटक्यात पेटली.

तुला पटत नसंल तर स्वतः ये आन् बघ. शेवटची खिडकी मी आज सकाळी बसवलीय. पंधरा दिवसांत लांबीला कातडी धरंल. मग ये. पाणी मार, काय करायचं ते कर. त्यातून एक थेंब जरी आत आला तर तू म्हणशील त्या गिऱ्हाइकाला विक. मी तुझ्या आईला समजावीन.

पण थेंब आला नाय, तर मग तुझ्या आईला तिच्या घरी येऊ दे.

सगीराखाला


बेगमपुरा
२१ एप्रिल २०२५

रत्ने,

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं गं. एकच दिवस.

गारपिटीचं प्रणयनं सांगितलं असंल. भिंत वाळंल, गादी मी पोराकडनं, मुनीबकडनं नवी आणवते. बाबासाहेबांच्या आन् बुद्धाच्या तसबिरींना काय झालं नाय, त्या काचा निजामुद्दीनच्या. पेटीवर जाड चादर होती, ती वाचली. पण राजकुमारभाऊंच्या गाण्याच्या वह्या खालच्या फळीवर होत्या. तीन वह्या. दोन नुसत्या कडेनं भिजल्या. तिसरी पूर्ण.

मी ती घरी आणली. पान पान सोडवलं, प्रत्येक पानाखाली-वर कोरा कागद आन् त्यावर काच ठेवली, वजनाला, म्हणजे पान सुरकुतणार नाय. घरभर काचा अंथरल्यात. मुनीब पाय उचलून चालतो, लुबना झाडू काचांच्या कडेकडेनं फिरवते. शाई बऱ्याच ठिकाणी पसरली पण वाचता येतंय. चार पानं मात्र गेली. निळा डाग राहिलाय नुसता.

त्यांच्या हातचं अक्षर होतं, रत्ना. मी तुला माफी पण कोणत्या तोंडानं मागू? तुला जाऊ द्यायचं नाय म्हणून खिडकी उघडी ठेवली आन् त्यातून तुझंच सामान वाहून गेलं. शिव्या दे, पण पत्र लिही. गप्प राहू नको.

सगीरा


पुणे
२६ एप्रिल २०२५

सगू,

रडले. खोटं कशाला बोलू? दोन दिवस लिहू शकले नाही ते त्यामुळंच.

त्या वह्या मी तीन वर्षांत उघडल्या नव्हत्या. धीर नव्हता. तू त्या पान पान उघडल्यास. मला त्या चार पानांआधी कुठलं गाणं आहे आणि नंतर कुठलं, एवढं कळव. लग्नापासून रोज संध्याकाळी ऐकलीत मी ती गाणी, पोळ्या लाटताना. एखादी ओळ चुकेल, पण सगळं पाठ आहे. मी सांगीन, तू लिही. तुझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, त्यांना आवडलं असतं.

आणि दोन वर्षं! दोन वर्षं तुला ऐकू येत नाही आणि मी आपली फोन करतेय, फुरसत नाही का म्हणून टोमणे मारतेय! मी नर्स होते गं तीस वर्षं. मला सांगायला तुला काय झालं होतं? मी सांगते काय झालं होतं. मी दवाखान्यात ओढत नेईन, म्हणून. नेणारच.

तुझ्या कानांचं आणि गारपिटीचं मला प्रणयनं सांगितलं. तुझं पत्र त्यानं मला दाखवलं नाही, पण त्याच्या पाकिटात दिसलं.

तुझी,
रत्ना


पुणे
१२ मे २०२५

प्रिय सगीराखाला,
सलाम.

मला मराठीत पत्र लिहायची सवय नाही, चुका झाल्या तर समजून घ्या.

शनिवारी मी आईला न सांगता गावी आलो होतो. तुम्हालाही कळवलं नाही, कारण मला घर एकट्यानं बघायचं होतं. पुंडलिककाकांच्या नळाला पाईप लावला आणि प्रत्येक खिडकीवर बाहेरून दहा-दहा मिनिटं पाणी मारलं. आत वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. शेवटच्या खिडकीवर तर अर्धा तास मारलं. काका म्हणाले, "अरे, भिंत पडंल आता!" आत जाऊन बघितलं. सहाही खिडक्यांखालचे कागद कोरडे होते.

मग मी तिथंच जमिनीवर बसलो. खरं सांगायचं तर मला ते कागद ओले हवे होते.

तुम्हाला माहीत नसेल. बाबा गेले त्या वर्षी आईला दम्याचा मोठा ॲटॅक आला होता. ती एकटी होती. मला फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. पुण्याहून निघालो, सहा तास लागले. त्या सहा तासांत मी ठरवलं की तिला परत कधीच एकटं ठेवायचं नाही. खिडक्या हा मला सापडलेला एक मुद्दा होता. त्या नीट झाल्यावर माझ्याकडे नुसती भीती उरली. पण माझी भीती जावी म्हणून आईनं जन्मभर उघडता न येणाऱ्या काचेमागं बसायचं, हे बरोबर नाही. तीन वर्षांत ती इथं एकदाही मोठ्यानं हसलेली मला आठवत नाही. तुमची पत्रं वाचताना हसते.

रविवारी सकाळी मी तिला सांगितलं. ती उठून माळ्यावरची बॅग काढायला लागली.

एक विचारतो, राग मानू नका. आईला दम लागला आणि तिनं हाक मारली, तर तुम्हाला ऐकू येणार नाही. मग काय करायचं? तुम्ही सांगाल ते मी करीन.

तुमचा,
प्रणय


बेगमपुरा
१७ मे २०२५

चिरंजीव प्रणय,
आशीर्वाद.

राग कसला? बरोबर विचारलंस.

मला ऐकायला येत नाय, पण दिसतं. तुझी आई सकाळी उठली की पुढची खिडकी उघडंल. सातपर्यंत उघडलेली दिसली नाय तर पुंडलिकभाऊ जाऊन दार वाजवतील. त्यांच्याशी बोलले, किल्ली त्यांच्याकडंच राहील. दहा वाजता मी जाईन ते संध्याकाळपर्यंत तिथंच. तसं पण दुकानात आता मुनीब बसतो, मला काम नाय. रात्रीला मेघा सोबत करंल. मेघा पुंडलिकभाऊंची पोरगी आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती झोपायला मधल्या खोलीत येईल, तिला अभ्यासाला शांत जागा पाहिजेच होती. वाफ द्यायचं मशीन कसं लावायचं ते तिला येतं. मला पण शिकव.

तुझी भीती जाणार नाय, बाळा. मुनीब दुकानातून यायला उशीर झाला तर माझी पण जात नाय. ती राहू दे. दर पंधरा दिवसांनी ये आन् आपल्या डोळ्यांनी बघून जा.

सगीराखाला


भीमनगर, छत्रपती संभाजीनगर
२४ जून २०२५

प्रिय सगू,
सलाम.

वरचा पत्ता बघितलास का? तीनदा गिरवून लिहिलाय.

मी येऊन चोवीस दिवस झाले, आणि तू बहिणीच्या आजारपणासाठी खुलताबादला जाऊन बसलीस, म्हणून पुन्हा पत्र. सगीरा खुलताबादला आणि रत्ना परगावी, हे तर आपलं कॉलेजच्या वयापासूनचं. फरक एवढाच की आता मी परगावी नाही.

तू गेल्यापासूनचं सांगते. दमा आहे, जाणार नाही. परवा सकाळी जोर केला होता. मेघानं मशीन लावलं, वीस मिनिटांत उतरला. प्रणयला मी स्वतः फोन करून सांगितलं. लपवायचं नाही असं ठरलंय ना आपलं? तो तासाभरानं परत फोन करून म्हणाला, "आवाज बरा येतोय तुझा." मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसला. येत्या शनिवारी येतोय.

गेलेल्या चार पानांपैकी तीन पानांवरची गाणी मी मेघाला सांगून लिहून घेतली, तू आल्यावर तुझ्या अक्षरात वहीत उतरव. चौथ्या पानावरचं शेवटचं कडवं आठवत नाही. पुंडलिकभाऊ म्हणतात एक शब्द, मी म्हणते दुसरा. दोघंही गाऊन बघतो, आणि दोन्ही बरोबर वाटतात.

तुझ्या कानांसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या गुरुवारी. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथं मोठी सिस्टर आहे, तिला सांगून ठेवलंय. तू नाही म्हणशील हे गृहीत धरलंय, तेव्हा लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

आता खरी बातमी. तू जाताना सांगून गेलीस, मागच्या खिडकीच्या लांबीला रंग द्यायचा राहिलाय, मी आल्यावर देईन. रंग काचेवर केसभर चढला पाहिजे, म्हणजे फट बंद होते, असंही सांगितलंस. मी म्हटलं, एवढं तर मलाही जमेल. काल दुपारी डबा उघडला. केसभर कुठलं, चार बोटं चढला. पुसायला गेले तर आणखी पसरला. आता त्या खिडकीतून अर्धंच आभाळ दिसतं, आणि माझ्या निळ्या पातळाला पांढरे ठिपके पडलेत. पुंडलिकभाऊ बघून गेले, आणि फाटकाबाहेर गेल्यावर त्यांचं हसू ऐकू आलं.

तर बहिणीला बरं वाटलं की ये. ब्लेड घेऊन ये, काच खरवडायला. आणि आल्यावर मला जेवढ्या शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. मोठ्यानं दे. मी घरीच आहे.

तुझी,
रत्ना